लॉन पिवळी पडली: तहानेने की पाण्याने?

नवी कार्पेट लॉन, म्हणजे नर्सरीतून मातीसकट कापून आणलेल्या तयार गवताच्या लाद्या, अंथरल्यावर आठवड्याभरात कुठेतरी पिवळे पट्टे दिसू लागतात, आणि बघणारा प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: पाणी वाढवा. पण पाणी कमी पडलं तरी पातं पिवळं होतं आणि जास्त झालं तरी पिवळंच होतं. रंगावरून पाइप हातात घेतला तर निम्म्या वेळा आपण दुखण्यातच भर घालतो.

नर्सरीत लादी कापताना बरीचशी मुळं मागे शेतातच राहतात. सोबत येतो तो जेमतेम इंचभर मातीचा थर. एप्रिलच्या उन्हात तो काही तासांत वाळतो. म्हणून तहानेचा पिवळेपणा कडांपासून सुरू होतो. दोन लाद्यांच्या सांध्यात फट पडते, कोपरे वर वळतात, फरशीलगतची आणि भिंतीलगतची पट्टी सगळ्यात आधी जाते. त्याआधीही एक खूण असते: हिरवा रंग निळसर-करडा होतो, पातं मिटतं आणि गवतावरून चालून गेलं की पावलाचा ठसा बराच वेळ तसाच राहतो.

जास्त पाण्याचा पिवळेपणा सखल जागी आणि नळाजवळ दिसतो. पायाखाली पचपच होते, शेवाळ धरतं, कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. फसगत होते ती पुढे. इथेही पातं मरगळतं, अगदी तहानल्यासारखं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेलं मूळ शेजारचं पाणीही ओढू शकत नाही. आपण दुपारी मलूल गवत बघतो, कळवळतो आणि पुन्हा पाइप सोडतो!

तेव्हा रंग सोडा, एक कोपरा हलकेच उचलून बघा. लादीखालची जमीन कोरडी, मुळांची टोकं वाळलेली असतील तर तहान. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वास येत असेल तर पाणी जास्त. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तशी माती हवी: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने ढकलला तर फुटावा. पांढरी नवी मुळं खाली उतरू लागली असतील तर वरचा थोडा पिवळेपणा मी मनावर घेणार नाही. टेम्पोत थप्पी लावून आलेल्या लाद्या आतून तापतात, त्याचाही तो रंग असतो.

काळ्या जमिनीवर लाल मातीची लादी टाकली असेल तर दोन्ही दुखणी एकाच लॉनमध्ये सापडतात. वर लाल थर सुकलेला, खाली काळ्या मातीत पाणी तुंबलेलं. ही चूक अंथरण्याआधीची. जमीन खणून शेणखत, वाळू किंवा पोयटा (गाळाची माती) नीट मिसळून उतार काढायला हवा होता. लादी महागाची घेण्यापेक्षा तो खर्च केव्हाही बरा.

तहान असेल तर सांध्यांत चाळलेली माती भरा, रोलर फिरवा म्हणजे लादी जमिनीला टेकेल, आणि पाणी लादीच्या खालपर्यंत पोचेल असं द्या. वरवर शिंपडून पातं तेवढं ओलं होतं. पहिले दहा-बारा दिवस उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी लागतं. नंतर वेळा कमी करून एका वेळचं पाणी वाढवायचं, म्हणजे मुळं ओलीच्या मागे खोल जातात. जास्त पाणी झालं असेल तर ते थांबवा, बागकामाच्या काट्याने (फोर्कने) भोकं पाडा, साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्या. संध्याकाळचं पाणी टाळा. रात्रभर ओल्या पात्यावर बुरशी धरते. युरिया तर दोन्ही बाबतींत नकोच, मुळं धरेपर्यंत थांबा.

कोपरा ओढून लादी उचलली जात नसेल तर ती रुजली. मग पहिली कापणी, तीही जमीन थोडी सुकल्यावर, धारदार पात्याने आणि उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.