दाढेतली चांदी: पाऱ्याच्या भरणाची पार्श्वभूमी

‘दाढेत चांदी भरली’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात कालवली की तिचा मऊ गोळा होतो, तो किडीने पोखरलेल्या खड्ड्यात ठासता येतो आणि काही तासांत घट्ट होतो. पूर्वी दंतवैद्य ही पूड लहानशा खलात पाऱ्याबरोबर घोटत, गोळा कापडात धरून पिळत आणि जास्तीचा पारा काढून टाकत; दाढेत दाबताना तो करकर वाजत असे.

पॅरिसमध्ये १८२६च्या सुमारास ओग्युस्त तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून असे भरण केले. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी ते न्यूयॉर्कला नेले आणि कीड नीट न कोरताच दात भरण्याचा सपाटा लावला. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणाऱ्या तिथल्या दंतवैद्यांनी पाऱ्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या संघटनेने तर सभासदांकडून पारा न वापरण्याची लेखी हमी घेतली. पण सोने महाग होते आणि ते भरायला वेळ लागे, त्यामुळे सभासद गळत गेले आणि १८५६ साली ती संघटनाच बंद पडली. तरीही जुन्या मिश्रणांचा एक दोष खरा होता: ती घट्ट होताना फुगत किंवा आकसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी हे बदल मोजून धातूंचे प्रमाण बसवले, आणि पुढे अनेक दशके जगभर हेच भरण चालले.

माझ्या मते या भरणाची मोठी किंमत पाऱ्याहून वेगळीच होती. ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागतो, म्हणजे किडीबरोबर निरोगी दातही जातो. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाताचे कवच फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरबरीत केले आणि त्यावर राळ पक्की धरते हे दाखवले. आजची दातांच्या रंगाची भरणे त्यातूनच आली. १९७०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट तयार केले. ते दाताला आपोआप चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. १९८०च्या दशकात टांझानियात विजेशिवाय, केवळ हाताच्या अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत सुरू झाली; पुढे याच सिमेंटमुळे ती रुजली, आणि जिथे आधी दाढ उपटण्यावाचून इलाज नव्हता तिथे ती वाचू लागली.

पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ साली झाला. त्यात दातांच्या भरणातला पारा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कलम आहे आणि भारताने २०१८ साली या कराराला मान्यता दिली. युरोपीय संघाने तर २०२५च्या आरंभापासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, असे भरण बंद केले. मुख्य चिंता आहे ती दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि स्मशानातल्या धुरातून पसरणाऱ्या पाऱ्याची. म्हणूनच दाढेत घट्ट बसलेले जुने भरण केवळ भीतीपोटी उकरून काढू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते आणि सोबत थोडा चांगला दातही जातो.