एमजीबीतले इंजेक्शनचे व्ही-8 : ‘मूळ इंजिन’ म्हणजे नेमके कोणते?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे कार्ब्युरेटरवाले (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारे) चार सिलिंडरचे इंजिन उतरवून तिथे इंजेक्शनचे (दाबाने पेट्रोल फवारणारे) रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरचे व्ही-8 बसवावे का, हा वाद ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. हे गाडीचे वाटोळे आहे, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, कारखान्याने अर्धवट सोडलेले काम आम्ही पुरे करतो. दोघांच्याही तोंडी एकच शब्द असतो, ‘मूळ’.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. गाडी 1962 मध्ये आली, 1798 सीसीचे इंजिन घेऊन. 1967 मध्ये कारखान्याने त्याच बॉडीत 2912 सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन घालून एमजीसी काढली. लोखंडी इंजिनाने गाडीचे नाक जड केले आणि 1969 मध्ये ती बंद पडली. दरम्यान रोव्हरने 1965 मध्ये अमेरिकन ब्युइक कंपनीच्या 215 घन इंची, पूर्ण ॲल्युमिनियमच्या व्ही-8 चे हक्क विकत घेतले होते. 3528 सीसीचे हे इंजिन वजनाला मात्र एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या जवळपासच. केंटमधल्या एका रेसर-मेकॅनिकने हे हेरले आणि अशा गाड्या तयार करून विकायला सुरुवात केली. 1973 मध्ये कारखान्यानेही तीच वाट धरली. 1976 पर्यंत एमजीबी जीटी व्ही-8 च्या 2,591 गाड्या निघाल्या, सगळ्या छताच्या. उघड्या रोडस्टरला कारखान्याने हे इंजिन तेव्हा दिले नाही. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढे फार महाग पडली.

त्या जीटीतले इंजिन कार्ब्युरेटरचे, 137 अश्वशक्तीचे होते. एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर खास मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा-इंधन वाटणाऱ्या नळ्यांवर) मागे, केबिनच्या भिंतीजवळ नेले म्हणून साधे बोनेट बसले. केंटच्या गाड्यांना बोनेटवर फुगवटा लागे.

ब्रिटनमध्ये इंजेक्शनचा प्रवेश 1982 चा. रोव्हर एसडी1 च्या व्हिटेस मॉडेलमध्ये याच 3528 सीसी इंजिनाला लुकासचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जोडले गेले आणि ताकद 190 अश्वशक्तीवर गेली. (याच एसडी1 ची बॉडी 1985 मध्ये मद्रासला स्टँडर्ड 2000 म्हणून निघाली, पण आत व्हॅनगार्ड या जुन्या गाडीच्या वंशातले 1991 सीसीचे जुने इंजिन होते. आपल्याकडे उलटी अदलाबदल कारखान्यातच झाली.) 1985 मध्ये रेंज रोव्हरला इंजेक्शन मिळाले. पुढे या गाड्या भंगारात येऊ लागल्या, तसे वायरिंग आणि ईसीयूसकट (इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकासकट) इंजिन परवडणाऱ्या भावात मिळू लागले. घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बदलणाऱ्यांची लाट आली ती इथून.

काम मात्र नुसते बोल्ट आवळण्याचे नव्हते. जुन्या एसयू पंपाचा दाब पाव बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा). इंजेक्शनला अडीच बार लागतो. म्हणजे नवा पंप, जाडजूड पाइप, टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन आणि वळणावर पंपाला हवा ओढावी लागू नये म्हणून मध्ये एक छोटी टाकी. इंजेक्शनचा हवेचा डबा इतका उंच की बोनेट बंद होत नाही. कोणी डबा कापून बुटका करी, कोणी फुगवट्याचे बोनेट लावी. 1989 च्या 3.9 लिटर रेंज रोव्हरमध्ये हवा मोजणारी झडप जाऊन तापलेल्या तारेचा हवामापक आला. त्याच्या ईसीयूला गाडीचा वेग सांगणारा सेन्सरही हवा असतो, तो नसला की तक्रार सुरू. कोणता इंधन-नकाशा (किती हवेला किती पेट्रोल, याचा तक्ता) वापरायचा, हे वायरिंगमधल्या एका बारक्या रेझिस्टरवरून ठरते. हा रेझिस्टर चुकीचा बसल्यामुळे धूर काढणारी कित्येक इंजिने उगाच खोलली गेली आहेत.

मग 1992 मध्ये कारखान्यानेच एमजीबीच्या बॉडीवर बेतलेली आरव्ही8 ही गाडी आणली. उघडी गाडी, 3947 सीसीचे इंजेक्शनचे व्ही-8, 190 अश्वशक्ती आणि बोनेटवर फुगवटा. एमजीबीच्या बॉडी मूळ साच्यांवरून 1988 पासून पुन्हा दाबल्या जात होत्या, म्हणून हे शक्य झाले. 1995 पर्यंत सुमारे 2,000 गाड्या झाल्या, बहुतेक जपानला गेल्या. या गाडीने घरगुती बदलांना एक साचा दिला, विशेषतः एक्झॉस्टचा. तिचे पाइप आतल्या मडगार्डच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर निघतात, त्यामुळे इंजिनाच्या बाजूला कोंडणारी उष्णता कमी होते. पण इतक्या जुन्या बॉडीला असे भोक पाडले की परतीचा रस्ता बंद. इंजिन पुन्हा बदलता येते, पत्रा नाही. ‘मूळ’वाल्यांच्या आक्षेपांपैकी मला सर्वांत वजनदार वाटतो तो हाच.

खरा गुंता मात्र 2018 चा आहे. त्या वर्षी 20 मेपासून ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. अट एवढीच की गेल्या 30 वर्षांत ‘मोठा बदल’ झालेला नसावा. मोठा बदल कशाला म्हणायचे, याच्या मार्गदर्शक सूचनेत इंजिनाबद्दल दोनच वाक्ये. त्याच मूळ इंजिनाची वेगळी सीसी चालेल आणि ‘पर्यायी मूळ’ इंजिनही चालेल. सिलिंडरची संख्या वेगळी असेल तर ते इंजिन पर्यायी मूळ नसण्याचीच शक्यता, ‘पण तसे असेलच असे नाही’.

या शेवटच्या शेपटाने लोकांची झोप उडवली. छताच्या एमजीबीला व्ही-8 हे पर्यायी मूळ इंजिन ठरते, कारण 1973 ते 1976 ते कारखान्यातून मिळत होते. रोडस्टरला? तिला ते कारखान्याने 1992 मध्ये, आरव्ही8 च्या रूपाने दिले. मग आरव्ही8 ला एमजीबी धरायचे की वेगळी गाडी? आणि 1973 चे इंजिन कार्ब्युरेटरचे, 3528 सीसीचे. 3947 सीसीचे इंजेक्शनचे इंजिन ही ‘त्याच इंजिनाची वेगळी सीसी’ झाली का? ठोकळा तोच, वंश तोच, इंधन देण्याची पद्धत निराळी. इंधनपद्धतीबद्दल ही दोन वाक्ये गप्प आहेत.

सूचनेत एक वाट आणखी आहे. गाडीचे उत्पादन थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत ज्या प्रकारचे बदल होत होते ते दाखवता आले, तर तो मोठा बदल मानला जात नाही. एमजीबी 1980 मध्ये थांबली, म्हणजे 1990 पर्यंतची मुदत. व्हिटेसचे 1982 चे इंजेक्शन त्यात आरामात बसते. 1989 चे 3.9 लिटर जेमतेम. या वाचनानुसार 2015 मध्ये बसवलेले व्हिटेसचे इंजिनही त्या काळच्या प्रकारातले ठरते. मला हे वाचन योग्य वाटते, कारण सूचनेत ‘प्रकारचा बदल’ म्हटले आहे, ‘त्या वर्षी केलेला बदल’ नव्हे. पण मोठा बदल झालेला नाही, ही घोषणा मालकाने स्वतः करायची असल्याने जबाबदारी त्याच्याच माथी. म्हणूनच अनेक जण सूट घेतच नाहीत आणि गुपचूप दरवर्षी तपासणी करून घेतात.

अमेरिकेत चित्र निराळे, कारण जीटी व्ही-8 तिथे विकलीच गेली नाही. तिथले लोक जनरल मोटर्सचे 3.4 लिटर व्ही-6 किंवा फोर्डचे 302 घन इंची व्ही-8 टाकतात. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या मॉडेलना धूर-तपासणी नाही. 1976 पासूनच्या गाडीत मात्र इंजिन तिच्याच वर्षाचे किंवा नवे हवे आणि त्याची सगळी प्रदूषण-यंत्रणा सोबत हवी. इंजेक्शनची इंजिने तिथे पसंत पडली, त्यामागे हेही एक कारण.

भारतात अशी दहा वर्षांची फट नाही. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनातला फेरबदल मोठ्या बदलातच मोजला आहे. जुन्या एमजीबीत इंजेक्शनचे व्ही-8 असेल, तर या व्याख्येप्रमाणे तिला व्हीए क्रमांक मिळणार नाही, मग ते इंजिन 1992 मध्ये खुद्द कारखान्याने वापरलेले का असेना.