ही जातच लहान, की अजून पिल्लू?

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बर्फावरची शेवंड, म्हणजे काटेरी लॉबस्टर, तळहाताएवढीच दिसली की गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारतं. उत्तर सोपं नाही. यात भले भले प्राणिशास्त्रज्ञही फसले आहेत.

शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा हेच तिचं हत्यार. युरोपातल्या शेवंडीच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, १७९५ मध्ये 'पॅलिन्युरस' नाव मिळालं. रोमन महाकाव्यात झोपेच्या भरात समुद्रात पडलेल्या सुकाणूवाल्याचं हे नाव. पुढे १८४७ मध्ये अ‍ॅडम व्हाइट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्यातलीच अक्षरं उलटीपालटी करून 'पॅन्युलिरस' आणि 'लिन्युपॅरस' अशी आणखी दोन प्रजातींची नावं पाडली. कोकणातल्या शेवंडी पॅन्युलिरसमधल्या. शास्त्रज्ञांनाही कधी कधी शब्दकोड्याची हुक्की येते ती अशी!

खरी फजिती पिल्लांनी केली. अंड्यातून निघालेलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक, पानासारखं चपटं असतं आणि कित्येक महिने भर समुद्रात तरंगतं. आईशी काडीचं साम्य नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला वेगळा प्राणी समजून 'फायलोसोमा', म्हणजे पर्णदेही, असं नाव दिलं. ती शेवंडीची अळी आहे हे नंतर उलगडलं. प्राणी गेला, पण अळीला नाव तेच राहिलं.

प्रवाळाच्या कपारींत मात्र जातीनेच लहान शेवंडीही राहतात. त्यांतल्या एका प्रजातीचं नाव 'पॅलिन्युरेलस', म्हणजे छोटा पॅलिन्युरस. फॉन मार्टेन्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने ते १८७८ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या नमुन्यावरून दिलं. याच प्रजातीतली हिंदी-प्रशांत महासागरातली दुसरी जात १८८१ मध्ये नोंदली गेली. अंगभर बारीक केस, मिशा आखूड, लांबी फार तर वीतभर. ही प्रजाती इतकी निराळी दिसली की तिच्यासाठी स्वतंत्र कुळ मानलं गेलं. अलीकडे जनुकं तपासल्यावर ती पुन्हा शेवंडींच्या कुळातच आली.

आपल्याकडे हा लहान-मोठ्याचा प्रश्न शेवटी तराजूपर्यंत पोचला. २००३ पासून निर्यातीच्या अख्ख्या शेवंडीला किमान वजन ठरवून दिलं आहे: मुंबईकडच्या चिखलाळ तळावरच्या जातीला ३०० ग्रॅम, खडकाळ किनाऱ्यावरच्या 'होमारस' नावाच्या जातीला २००. प्रत्येक जात वेगळ्या वजनाला वयात येते, म्हणून आकडे वेगळे.

गणेश पेठेत खूण एकच. शेवंड उलटी करून पाहावी. शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल, तर ती पिल्लू नव्हे.