धारोष्ण दूध, टॉर्च टेस्ट आणि लिस्टेरिया

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर सध्या मुळशीच्या देशी गाईच्या धारोष्ण दुधाचा मेसेज फिरतोय, गरोदर बायकांनी न तापवताच प्यावं म्हणे, तापवलं की सत्त्व जातं. सत्त्वाचं जाऊ द्या, लिस्टेरिया नावाचा जंतू मात्र नीट तापवलं तरच मरतो, आणि फ्रीजमधल्या ४ डिग्रीला पण मजेत वाढतो. ग्रहणात सुरी धरू नको म्हणून सुनेला तासन्‌तास बसवून ठेवणारी घरंच हे कच्चं दूध कौतुकाने पाजतात.

पंचाईत अशी की आईला फारसं काही होतच नाही, जरा ताप, अंगदुखी, पाठ धरते, व्हायरल म्हणून क्रोसिन घेतली की झालं. तिकडे जंतू रक्तातून वारेत (प्लॅसेंटात) आणि वारेतून बाळात. मग गर्भपात, पोटातच बाळ जाणं, नाहीतर अवेळी बाळंतपण.

या जंतूची चाल मला भयंकर आवडते. २५ डिग्रीच्या आसपास त्याला शेपट्या असतात, त्या हलवत तो कोलांट्या मारतो. अंगातल्या ३७ डिग्रीला शेपट्या जवळपास बंद, मग आत फिरतो कसा? आपल्या पेशीने त्याला गिळलं की तो ज्या कप्प्यात अडकलाय त्याला लिस्टेरिओलायसिन या विषाने भोकं पाडून सुटतो, मग त्याच्या अंगावरचं अ‍ॅक्ट-ए हे प्रोटीन आपलीच एआरपी-२/३ ही धागे विणणारी यंत्रणा कामाला लावतं, मागे अ‍ॅक्टिन या पेशीतल्याच प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्याच्या रेट्याने साहेब धूमकेतूसारखे पुढे सरकत थेट शेजारच्या पेशीत घुसतात. टिल्नी आणि पोर्टनॉय या संशोधकांनी १९८९ मधे हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. पेशीबाहेर यायची गरजच नाही, त्यामुळे अँटिबॉडी बाहेर ताटकळत बसतात.

आता निदान. गरोदरपणातल्या टॉर्च नावाच्या नेहमीच्या रक्ततपासणीत टॉक्सो, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस या संसर्गांच्या खुणा बघतात, ती नॉर्मल आली म्हणजे लिस्टेरिया नाही असं अजिबात नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवर भरवसा नाही कारण दुसऱ्या जंतूंशी गल्लत होते, आणि शी तपासून उपयोग नाही कारण तो धडधाकट माणसाच्या पोटातही सापडतो. खरं उत्तर देतं ते कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमधे वाढवून बघणं. नमुना तापातल्या आईच्या रक्ताचा, आणि तेही शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. बाळ झाल्यावर त्याचं रक्त, पाठीतलं पाणी आणि वार. दिवस भरायच्या खूप आधी बाळंतपण आणि गर्भजल हिरवट, असं दिसलं तर डॉक्टरच्या डोक्यात लिस्टेरिया यायलाच हवा. वारेत कधी कधी बारीक पांढरट-पिवळे ठिपके असतात, ते पुवाचे, पण वार बरेचदा सरळ कचऱ्यात जाते.

लॅबमधे अजून एक गोची. ग्राम स्टेन या रंग देऊन बघायच्या तपासणीत तो आखूड निळ्या-जांभळ्या काड्यांसारखा दिसतो, कातडीवरच्या निरुपद्रवी डिफ्थेरॉइडसारखाच, म्हणून रिपोर्टवर 'कंटॅमिनेशन' लिहून मोकळे होतात. शंका असेल तर जंतू वाढवलेली ट्यूब रूम टेंपरेचरला ठेवून थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा, कोलांट्या दिसल्या की संशय पक्का, मग पुढच्या टेस्ट. एवढी खटपट कशाला, तर सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक याच्यावर चालत नाही, अँपिसिलिन चालतं, आणि आजारी बाळाला त्याच्या जोडीला जेंटामायसिन देतात.