‘आता फक्त आराम करा’ हा सल्ला कुठे चुकतो?

‘वय झालं, आता हातपाय कशाला झिजवायचे?’ हे पिढ्यानपिढ्या ऐकू येतं. पण म्हातारपणी स्नायू वापरून झिजत नाहीत, बसून झिजतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या अभ्यासात ८६ ते ९६ वर्षांच्या, आधीच अशक्त झालेल्या १० जणांना पायांनी वजन उचलायला लावलं. तेही चांगलं जड. ८ आठवडे टिकलेल्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! दोघांची काठी सुटली. हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणारी एक व्यक्ती हात न टेकता उठू लागली. व्यायाम थांबवला, तर ४ आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली. हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.