किती दगावले, पण कितीपैकी?

रुग्णालयातल्या उपचारांचा निकाल मोजायचा तर सगळ्यात ठोस नोंद मृत्यूची. रुग्ण गेला की राहिला यावर दोन डॉक्टरांचं दुमत होत नाही. तरीही गेली पावणेदोनशे वर्षं या क्षेत्रात जी मोठी भांडणं झाली, ती बहुतेक दोनच गोष्टींवरून: मृत्यूंच्या आकड्याला कशाने भागायचं, आणि मोजणी कुठल्या दिवशी सुरू करून कुठल्या दिवशी थांबवायची. आज शोधनिबंधांत दिसणारा ३० दिवसांचा मृत्युदर, ‘अपेक्षित मृत्यूं’चा (रुग्णांच्या मूळ आजारपणावरून बांधलेल्या अंदाजाचा) रकाना, दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (शिरेत नळी असलेला एक रुग्ण, एक दिवस) मोजलेला संसर्ग या सगळ्यामागे कुणाची तरी जुनी फसगत आहे.

पॅरिसचे डॉक्टर पियेर लुई यांनी १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांचा हिशेब पुस्तकरूपाने मांडला. त्या काळी या आजारावर रक्त काढणं हा ठरलेला उपाय होता. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८ दगावले, म्हणजे ४४ टक्के. त्यानंतर काढलेल्या ३६ पैकी ९ दगावले, म्हणजे २५ टक्के. रक्त काढण्याच्या प्रथेला हा धक्काच होता, पण मांडणीत एक फट राहून गेली होती. उशिरा रक्त काढलेल्या गटात येण्यासाठी रुग्णाने चार दिवस तग धरलेला असणं भाग होतं. त्याआधी जे गेले ते त्या गटात येऊच शकत नव्हते, त्यामुळे तो गट आपोआप चांगला दिसतो. जुने केस पेपर काढून ‘लवकर विरुद्ध उशिरा उपचार’ असा अभ्यास करणारे आजही या खड्ड्यात पडतात. उपाय एकच: शून्य दिवस सगळ्यांसाठी एकाच घटनेपासून धरायचा, दाखल होण्यापासून किंवा निदानापासून, आणि उपचार मिळण्याआधीचे मृत्यूही हिशेबात ठेवायचे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची गोष्ट हात धुण्यासाठी सांगितली जाते. अभ्यासाची रचना म्हणूनही ती तितकीच महत्त्वाची आहे. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात दाया. बाई कुठल्या विभागात जाणार हे तिच्या प्रकृतीवर अवलंबून नसे, ती कुठल्या वारी दाखल होते यावर ठरे. त्यामुळे कुणी न ठरवता दोन तुल्य गट तयार झाले. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून याकोब कोलेट्श्का या सहकाऱ्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वरासारखेच (बाळंतिणींचा जीव घेणाऱ्या तापासारखेच) बदल आढळले. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी आधी क्लोरीनच्या द्रावणाने आणि पुढे स्वस्त पडणाऱ्या क्लोरीनयुक्त चुन्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये दोन्ही विभागांचे आकडे १.२७ आणि १.३३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे झाले.

त्यांच्या लिखाणातली एक तक्रार मात्र फारशी वाचली जात नाही. साथ वाढली की पहिल्या विभागातल्या आजारी बाळंतिणींना मुख्य रुग्णालयात हलवलं जाई आणि तिथले मृत्यू मुख्य रुग्णालयाच्या खात्यावर पडत. म्हणजे पहिल्या विभागाची खरी अवस्था नोंदवहीत दिसत होती त्याहूनही वाईट होती. रुग्ण दुसरीकडे पाठवला की आपला मृत्यू एकाने कमी होतो, ही पळवाट तेव्हापासूनची आहे.

यातला सगळ्यात गाजलेला आकडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातल्या अनुभवानंतर त्यांनी सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे नोंद-तक्ते सुचवले. १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ते मांडले गेले. कल्पना काळाच्या पुढची होती. पण १८६३ मध्ये त्यांनी छापलेल्या एका तक्त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के दिला होता. दहापैकी नऊ रुग्ण मरतात असं वाचून वैद्यकीय नियतकालिकांत गदारोळ उठला नसता तरच नवल. हिशेब असा होता: १८६१ या वर्षात त्या रुग्णालयांत ३,८२८ मृत्यू झाले, आणि ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी तिथे ४,२१४ रुग्ण होते. वर्षभराचे मृत्यू एका दिवसाच्या रुग्णांनी भागले होते.

समजा, एका खाटेवर वर्षभरात दहा रुग्ण येऊन गेले. मग त्याच खाटांवर ४२ हजारांहून जास्त जण दाखल झालेले असतील आणि दर नऊ टक्क्यांच्या आसपास येईल. शिवाय ज्या रुग्णालयात रुग्ण भराभर बदलतात, त्याचा दर या पद्धतीने फुगतो आणि जिथे रुग्ण महिनोन्‌महिने पडून राहतात ते सुरक्षित दिसतं. ज्यांच्या कामाचा या तक्त्याला आधार होता ते संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी पद्धतीची बाजू लावून धरली, आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. रुग्ण-दिवसांच्या हिशेबाने धोका मोजता येतो. फक्त त्याला टक्केवारी म्हणायचं नाही. टीकाकारांचं दुसरं म्हणणं जास्त टिकाऊ ठरलं: मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत जास्त गंभीर रुग्ण येतात, मग नुसते दर शेजारी मांडून काय कळणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी मोजणी डिस्चार्जच्या पुढे नेली. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड: लक्षणं, सुरुवातीचं निदान, ठरवलेला उपचार, रुग्णालयात झालेली गुंतागुंत, घरी जातानाचं निदान आणि एक वर्षानंतरची अवस्था. निकाल अपेक्षेप्रमाणे नसेल तर कारण लिहायचंच: कौशल्य कमी पडलं, निर्णय चुकला, निदान चुकलं, देखभालीत किंवा साधनांत उणीव राहिली, की आजारच आटोक्याबाहेर होता. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या संदर्भात १२३ चुका त्यांनी नोंदवल्या आणि छापल्याही. व्यवसायबंधूंना हे मानवलं नाही. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा किमान निकषांना ८९ उतरली. ती यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या भट्टीत जाळण्यात आली.

गट तुल्य असावेत यासाठी व्हिएन्नासारखं दाखल होण्याच्या वारावर विसंबायची गरज १९४८ मध्ये संपली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण होते. कोणाला औषध आणि कोणाला केवळ अंथरुणात विश्रांती, हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंकांवरून आधीच ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवलं होतं. रुग्ण चाचणीत घेतल्यावरच लिफाफा फोडायचा. आडाखा बांधून ‘याला औषध मिळू दे’ म्हणायला डॉक्टरला वावच नव्हता. क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्यांनाही रुग्णाचा गट माहीत नव्हता. सहा महिन्यांत औषधाच्या ५५ पैकी ४ आणि विश्रांतीच्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले.

पण कुठल्या रुग्णालयात जायचं, हे कोणी लिफाफा फोडून ठरवत नाही. त्यामुळे रुग्णालयांची तुलना करताना मूळ आजारपणाचा फरक गणिताने काढून टाकावा लागतो. १९८६ मध्ये अमेरिकी सरकारने मेडिकेअरच्या (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) बिलांवरून रुग्णालयनिहाय मृत्यूंचे आकडे जाहीर केले. त्यात एका ठिकाणी ८७.६ टक्के रुग्ण दगावले होते, अपेक्षित दर होता २२.५. ते मरणासन्न रुग्णांचं शुश्रूषागृह निघालं. बिलात रोगाचं नाव असतं, रुग्ण कशासाठी आला आहे ते नसतं. हे प्रकाशन १९९३ मध्ये बंद झालं.

आयसीयूसाठी विल्यम नॉस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अपाची-२ ही गुणपद्धती आणली. रक्तदाब, श्वसनगती, क्रिॲटिनिन अशी १२ मापं, त्यांची पहिल्या २४ तासांतली सगळ्यात वाईट नोंद, त्यात वय आणि जुनाट आजारांचे गुण. एकूण ० ते ७१. ती जगभर वापरली गेली, आणि तिच्या पोटातच एक दोष आहे. पहिल्या दिवशी हेळसांड झाली तर मापं बिघडतात, गुण वाढतात, अपेक्षित मृत्यू वाढतात, आणि हेळसांड करणारा विभाग कागदावर कुशल ठरतो. उलट, न केलेली तपासणी सामान्य धरली जाते. त्यामुळे तपासण्या कमी करणाऱ्या ठिकाणचे रुग्ण खऱ्यापेक्षा बरे दिसतात.

नोंदी भरणाऱ्याला निकालाची झळ लागली की नोंदीही बदलतात. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची माहिती गोळा करून जोखीम-समायोजित (रुग्णांच्या मूळ आजारपणाचा फरक वजा केलेले) मृत्युदर जाहीर केले. १९९२ पर्यंत तो दर ४.१७ वरून २.४५ टक्क्यांवर आला. त्याच सुमारास फुप्फुसाचा जुनाट अडथळा नोंदवलेल्या रुग्णांचं प्रमाण ६.९ वरून १७.४ टक्के झालं. दोन-तीन वर्षांत एवढ्या जणांची फुप्फुसं बिघडत नाहीत. काही नोंदी आधी राहून जात होत्या, काही नव्याने उदार झाल्या. सुधारणा किती आणि शाईची करामत किती, यावर बराच वाद झाला. याची उलटी बाजू इंग्लंडच्या मिड स्टॅफर्डशरमधल्या सरकारी रुग्णालयात दिसली. २००७ मध्ये तिथला प्रमाणित मृत्युदर (प्रत्यक्ष मृत्यू भागिले अपेक्षित मृत्यू) जास्त आला, तेव्हा व्यवस्थापनाने पहिला संशय नोंदींवर घेतला. देखभाल खरोखरच भयंकर होती, हे पुढे चौकशीत बाहेर आलं.

असा आकडा वाचायचा कसा, हे एका हिशेबाने पाहू. एका विभागात वर्षभरात २०० रुग्ण आले. प्रत्येकाच्या वय आणि सहव्याधींवरून मृत्यूची शक्यता काढली आणि त्यांची बेरीज १० आली, हे अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्षात १४ झाले. गुणोत्तर १.४; मथळा होईल ‘४० टक्के जादा मृत्यू’. पण १४ ही संख्याच एवढी लहान आहे की तिचा ९५ टक्के विश्वासपट्टा (योगायोगाचा चढउतार धरता खरा आकडा ज्या मर्यादांत असावा तो) साधारण ७.७ ते २३.५ येतो, म्हणजे गुणोत्तर ०.७७ ते २.३५. हा विभाग सरासरीपेक्षा चांगलाही असू शकतो. लहान रुग्णालयं यादीत कधी सर्वात वर तर कधी सर्वात खाली दिसतात ती मुख्यतः यामुळेच. मृत्यू रुग्णालयात झालेलेच मोजले, तर लवकर घरी पाठवणाऱ्यांचा फायदा होतो, म्हणून दाखल झाल्यापासून ३० दिवसांची मुदत रूढ झाली. त्यासाठी मृत्यू-नोंदणीशी जोडणी लागते. ती नसेल तर फोन करून पाठपुरावा, आणि फोन न लागलेले रुग्ण ‘जिवंत’ धरले की सगळी मेहनत वाया.

गेल्या वीस वर्षांत भर उपचाराच्या पायऱ्यांवर आला. मिशिगनच्या १०३ आयसीयूंमध्ये मध्यवर्ती शिरेतल्या कॅथेटरसाठी पाच गोष्टी पाळल्या गेल्या: हात धुणं, घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच कॅथेटर काढणं. २००६ च्या अहवालानुसार संसर्गाचा सरासरी दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. शस्त्रक्रियेच्या १९ मुद्द्यांच्या तपासयादीनेही २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणले. पण कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती सक्तीने वापरली, तेव्हा ०.७१ चं ०.६५ झालं आणि हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. यादीवर खुणा करणं आणि यादी पाळणं यातलं अंतर तिथे नडलं असावं. शिवाय मुळातच कमी असलेला दर आणखी खाली ओढणं अवघड असतं.

कॅथेटर-दिवस रोज ठरावीक वेळी मोजतात. एका रुग्णाला दोन कॅथेटर असले तरी दिवस एकच. या छेदातही जुनी खोच आहे. महिन्याला १,००० कॅथेटर-दिवस आणि ४ संसर्ग, दर ४. मग विभागाने विनाकारण ठेवलेली कॅथेटरं काढली, दिवस ६०० झाले, संसर्ग ३. संसर्ग घटले आणि दर ५ वर गेला, कारण कॅथेटर उरलं ते सगळ्यात आजारी रुग्णांना. म्हणून असा अहवाल पाहताना दराशेजारी कॅथेटर-दिवसांचं एकूण रुग्ण-दिवसांशी असलेलं प्रमाण आणि संसर्गांची मूळ संख्या दिली आहे का, हे आधी तपासावं लागतं.