काळ्या मातीत अडकलेले स्फुरद

माती परीक्षणाच्या अहवालावर ‘उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) : कमी’ असा शेरा आला की पुढच्या पेरणीला डीएपी या स्फुरदयुक्त खताचे एक पोते वाढते. शेऱ्यातला ‘उपलब्ध’ हा शब्द मात्र वाचायचा राहून जातो. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत स्फुरद असते, पण चुनखडीने ते बांधून ठेवलेले असते. कोकणच्या जांभ्या मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. मुळांना उचलता येईल असा भाग अगदी थोडा. चुनखडीच्या जमिनीत तो मोजण्याची ओल्सेन पद्धत १९५४ची, आणि आपल्या प्रयोगशाळांत ती आजही चालते.

विरघळणारे स्फुरद बाहेरून देण्याची वाट त्याच्या शतकभर आधीची. १८४२मध्ये इंग्लंडात जॉन बेनेट लॉझ यांनी सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. भारतात त्याचा पहिला कारखाना १९०६मध्ये तमिळनाडूतल्या राणीपेटला निघाला. हरितक्रांतीनंतर डीएपी आले. १९९२मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या (पोटॅशच्या) खतांवरचे किंमत नियंत्रण उठले, नत्र देणाऱ्या युरियावरचे राहिले, आणि शेतातला नत्र-स्फुरदाचा तोल ढळला. दिलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २० टक्केच पहिले पीक उचलते. बाकीचे मातीत पुन्हा बांधले जाते.

त्याआधी आपल्याकडे काय होते? धनगरांची मेंढरे शेतात बसवणे, ज्वारीत तुरीचे पाटे, रब्बीला हरभरा. या रीतींमागचे रसायन फार उशिरा कळले. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९०मध्ये दाखवले की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाने धरलेले स्फुरद मोकळे करतात. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्लासारखी आम्ले सोडतात; काळ्या जमिनीत कॅल्शियमने बांधलेल्या स्फुरदावर ती चालतात. पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून आंब गोळा करणाऱ्या बायांना या झाडाचा आंबटपणा ठाऊक होताच, मुळांशी तो काय करतो हे कुणाला दिसत नव्हते.

मुळांइतकेच काम जिवाणू आणि बुरशी करतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू ओळखण्याचे पिकोव्स्काया माध्यम १९४८चे. आजची पीएसबीची, म्हणजे अशा जिवाणूंची, पाकिटे त्याच परंपरेतली. मुळांच्या सोबतीने जगणाऱ्या मायकोरायझा बुरशीची गोष्ट अधिक बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग डाउन्सच्या काळ्या चिकणमातीत, दीर्घकाळ पड ठेवलेल्या रानात जवस आणि सूर्यफूल खुरटायचे. १९८०च्या दशकात उलगडा झाला : जिवंत मुळे नसल्याने बुरशी घटली होती, आणि तिच्याशिवाय पिकाला स्फुरद आणि जस्त पुरेसे मिळत नव्हते. वारंवार नांगरटीने तिचे धागे तुटतात, विरघळणारे स्फुरद भरपूर दिले की पीकच तिला थारा देत नाही.

म्हणून पाचट पेटवलेल्या उसाच्या रानात पीएसबीचे पाकीट टाकणे मला खटकते. पाचटातले स्फुरद बरेचसे राखेत उरते. जिवाणूंना लागणारा सेंद्रिय कर्ब मात्र धुरात गेलेला असतो.